काकूंच्या अनंताचा खुराक

जगात जे काही बिघडतं ते नत्र, स्फुरद नाहीतर पालाश कमी पडल्यामुळेच बिघडतं, यावर आमच्या घरमालक काकांइतकी श्रद्धा असलेला दुसरा माणूस कोल्हापुरात नसावा. उभा जन्म त्यांनी खताच्या दुकानात विक्रेता म्हणून काढला. आता निवृत्त झालेत, पण निदान करणं थांबलेलं नाही. नत्रानं पाला वाढतो, स्फुरदानं मूळ धरतं, पालाशानं फळ भरतं, हे ते झाडांना लावतात तसंच माणसांनाही. शेजारचा बोलघेवडा मुलगा पुन्हा नापास झाला तेव्हा म्हणाले, "नुसतं नत्र हाय त्या पोरात. पाला बघा किती, फळाचा पत्ता न्हाय." मी मलकापूरकडच्या गावातून बी.एस्सी.ला आलो, घरातून कॉलेजात जाणारा पहिलाच. खोली विचारायला गेलो आणि चपला हातात धरून दारातच घुटमळलो. काकांनी मला खालीवर पाहिलं आणि आत काकूंना ओरडून सांगितलं, "पावणं आल्यात! स्फुरद कमी हाय, मूळ धरायला येळ लागंल. च्या टाक." खरं सांगायचं तर मला राग आला नाही. सुरुवातीचे काही आठवडे माझं तसंच चाललं होतं.

गच्चीवर त्यांची बाग, त्यात काकूंनी कुंडीत वाढवलेलं अनंताचं झाड. केळ्याचं साल मी कचऱ्यात टाकलं, तर पाकीट हरवल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. माझा चहा संपायच्या आधीच त्याचा चोथा कुठल्या कुंडीत जाणार हे ठरलेलं असायचं. जेवायला बसलेल्या माणसाला पुरे म्हणू द्यायचं नाही ही आपल्याकडची रीत, आणि काका ती झाडांशीही पाळायचे.

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला सांगलीला गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "माझ्या अनंताकडं ध्यान ठेवा." काकांनी ते फारच मनावर घेतलं. काकू येतील तेव्हा अनंत पांढराशुभ्र फुललेला दिसला पाहिजे, म्हणून रोज खुराक सुरू झाला. मूठभर दाणेदार खत, हाडांची भुकटी, राख, वर पेंडीचं पाणी. पानं पिवळी पडली, तेव्हा "लोह कमी पडलं" म्हणून लोह दिलं. कळ्या गळाल्या, तेव्हा आणखी काहीतरी दिलं. संध्याकाळी काकूंचा व्हिडिओ कॉल यायचा. "अनंत दाखवा की ओ!" काका उरलेल्या एकुलत्या एका हिरव्या पानावर मोबाइल जवळजवळ टेकवायचे. "अवो, लांब धरा जरा!" काकू म्हणायच्या, आणि तेवढ्यात काकांची रेंज जायची.

एका संध्याकाळी ते पालथ्या बादलीवर बसून राहिले. "पोटच्या पोरीगत वाढवलाय तिनं. वाळला तर काय तोंड दावू?"

पानांची टोकं करपलेली आणि मातीवर पांढरा थर आलेला मला काही दिवस दिसत होता. वर्गात नुकतंच शिकवलं होतं, की मातीत क्षार फार झाले तर मुळांना पाणी ओढता येत नाही. पण माझ्या जन्माआधीपासून खत विकणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं?

"काका... मला वाटतंय, कमी काही नाही पडलं. जास्त झालंय."

मी त्यांच्या दुकानाला कुलूप लावल्यासारखे ते बघत राहिले. "जास्त? जास्त हुतंय व्हय कवा?"

"मीठ साचल्यागत झालंय बघा वर. भरपूर पाणी ओतून खालनं निचरू द्यायचं. मग नवी पालवी येईपर्यंत खत बंद."

"आजारी जिवाला उपाशी ठिवू?"

"जुलाब झालेल्याला आपण मटण वाढतो का, काका?"

काका उठले, बादली सुलटी केली. मग म्हणाले, "ऊठ, बादली भर."

कुंडीखालून चहासारखं पाणी वाहिलं. ते सोपं होतं. अवघड होतं ते हात आवरणं. एकदा मूठ झाकून वर निघालेले सापडले, तर म्हणाले, "घालत न्हाय रं, नुसता वास दावतोय!" मी ती मूठ उघडून घेतली. माझ्यात एवढं धाडस कुठून आलं कोण जाणे, पण मलाही धडकी भरलीच होती. माझं ऐकल्यामुळं अनंत गेला असता तर?

एका सकाळी गच्चीवरून हाक आली, "पोरा, वर ये! पळ!" फांदीच्या टोकाला तांदळाएवढी हिरवी पालवी फुटली होती. निकाल लागल्यासारखा माझा श्वास मोकळा झाला. काकांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की मी कुंडीवरच पडणार होतो.

काकू आल्या त्या पिशवी न ठेवताच वर गेल्या. फूल एकही नव्हतं, पानंही मोजकी, पण सगळी हिरवीगार. काकूंनी कुंडी फिरवून पाहिली, माती चाचपली. "जगलाय," म्हणाल्या. आम्हा दोघांनाही हुश्श झालं. मग त्यांची नजर काकांच्या सैल झालेल्या सदऱ्यावर गेली. "झाडाला एवढं घालत हुतासा, आन् सोता काय खाल्लासा ओ?" काकांनी सदरा खाली ओढून नीट केला. "खाली या, भाकरी टाकते. तू बी ये रं," म्हणत त्या उतरल्या.

काका लगेच उठले नाहीत. अनंताचं एक पान अंगठ्यानं पुसत हळूच म्हणाले, "सांगली लई लांब हाय लेका."

सांगली एसटीनं तास-दीड तासावर. पण मी म्हणालो, "लांबच आहे, काका."