बोंबलाची शिकार

माझा नवरा निशिकांत रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत कॉम्प्युटर सांभाळतो. आठवडाभर तो घरात असून नसल्यासारखा असतो. रविवारी मात्र हा माणूस शिकारी होतो. पाटणकडच्या त्याच्या गावी वडील मक्यात घुसलेली रानडुकरं कुत्री घेऊन हाकायचे, आणि ते वेड याच्या अंगात पुरेपूर उतरलंय.

सिंगापुरात शिकार कसली करणार? दोन हजार सोळात आम्ही शेल्टरमधून लाडी नावाची छोटी कुत्री आणली आणि याने तोड काढली. लिटिल इंडियातून आणलेला सुका बोंबील फडक्यात बांधायचा, चोआ चू कांगच्या रानाकडेच्या गवतात लपवायचा आणि लांब दोरीवरच्या लाडीने तो हुंगत शोधायचा. आमची आठ वर्षांची इराही त्यात सामील. घरभर सुटणारा वास सोसायचा मी.

त्यात रानातली भटकी कुत्री दिसू लागल्याचं कानावर आलं. मी बजावलं, की हे खूळ आता बंद. तो म्हणाला, एकदा येऊन बघ, मग बंद कर. मी गेले ती बंद करायलाच.

लाडी नाक जमिनीला लावून धावत होती आणि नवरा पोरासारखा खुलला होता. इतक्यात झाडीतून चार कुत्री आली. त्यातली एक तपकिरी मादी पुढे यायची, मागे पळायची. लाडी तिच्यामागे ओढ घेऊ लागली. निशिकांतने झटकन दोरी आखडली. गावाकडे कोल्हे असेच करायचे म्हणे: एकाने कुत्र्याला नादी लावून न्यायचं, बाकीच्यांनी घेरायचं.

इथवर ठीक होतं. पण पुढे त्याने आपल्यापैकी कुणीही केलं असतं तेच केलं. दगड उचलल्यासारखा खाली वाकला. आपल्याकडे एवढ्यावर अख्ख्या गल्लीतली कुत्री पसार होतात. इथे मात्र चारही धावत अंगावर आली. नंतर कळलं, रोज कुणीतरी तिथे वाकून त्यांना भात ठेवत असे. वाकलेला माणूस म्हणजे जेवण, एवढंच त्यांना माहीत.

निशिकांत सरळ झाला, लाडीला उचलून छातीशी धरत शांतपणे म्हणाला, “इरा, पळू नकोस. पाठ फिरवू नकोस. माझ्याबरोबर मागे चल.”

आम्ही तसेच मागे सरकत निघालो. खायला मिळत नाही म्हटल्यावर तीन कुत्री थांबली. तपकिरी मात्र दात दाखवत नाल्यापर्यंत आली आणि तिथे उभी राहिली. तिचे सड दुधाने भरलेले होते. झुडपात पिल्लं असणार. ती आम्हाला फक्त हद्दीबाहेर घालवत होती.

नाल्यापलीकडे निशिकांत मटकन बसला. लाडीच्या पाठीवरून त्याचा हात फिरत होता.

“तुझं बरोबर होतं, मेधा,” तो म्हणाला. “इराला कुठे घेऊन आलो मी. आजपासून बंद.”

मला हेच ऐकायचं होतं. पण त्याचा तो पडलेला चेहरा पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला. गेल्या तासाभरात मी त्याला जेवढं हसताना पाहिलं होतं, तेवढं वर्षभरात पाहिलं नव्हतं.

“बंद कशाला?” मी म्हणाले. “तिची पिल्लं मोठी होईपर्यंत नाल्याच्या अलीकडे खेळू. पुढच्या रविवारी बोंबील लपवायला मी येते.”