रंग लावलेली डिस्क

तीस वर्षं लेथ चालवलेल्या वहिनी ताकही फुंकून प्यायच्या. त्यांच्या वडिलांच्या जुन्या मोटारीचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचे ठरले, तेव्हा धाकट्या दिराने सगळा संच आणून दिला.

“कोरा करकरीत आहे, वहिनी.”

“मग डिस्कच्या कडेला रंग कशाला?” त्यांनी नखाने खरवडलं. खाली गंज निघाला. व्हर्निअरने मोजली, तर डिस्कवर कोरलेल्या किमान मापापेक्षाही जाडी कमी भरली.

“भावजी, दुकानदाराने कमिशन किती दिलं?”

दिराचा चेहरा उतरला. “त्याने मलाच टोपी घातली हो.”

वहिनी वरमल्या. दुसऱ्या दिवशी मोटारीचं एक चाक घेऊन दोघं दुसऱ्या दुकानात गेली. डिस्कला पकडणाऱ्या नव्या कॅलिपरला चाक घासत नाही ना, हे वहिनींनी दोनदा फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, “भावजी, तुम्हीही बघा एकदा.”