पिकी

हेमलताचा आवाज रावेरच्या त्या केळीच्या पॅकहाऊसमध्ये अकरा वर्षं घुमत होता. घडाच्या फण्या सुरीने सोडवायच्या, पाण्याच्या टाकीत सोडायच्या, आणि एखाद्या फणीत एकही केळं पिवळं दिसलं की ओरडायचं, "पिकी!" मग पलीकडच्या बाया ती फणी बाजूला काढत. एक पिकलेलं केळं खोक्यात गेलं की आठ दिवसांत सगळं खोकं पिकवतं, आणि माल तर जहाजाने जायचा. शेवटच्या टेबलावर खोकी भरणाऱ्या दगडीबाईची नजर अधू झालेली. तिचा सगळा भरवसा या हाकेवर.

पावसाळ्यात जळगावहून ललित सुपरवायझर म्हणून आला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "हा बाजार आहे का? तोंड बंद, हात चालू. काही असेल तर हात वर करायचा."

थोड्याच वेळात एक पिवळं केळं दिसलं. एका हातात सुरी, दुसऱ्यात फणी. हेमलताने सुरीसकट हात वर केला.

"काय गं, शाळेत आलीस? बाहेर जायचंय का?" ललित सगळ्यांदेखत हसला. एक-दोघी भीतीने हसल्या. हेमलताच्या कानशिलापर्यंत आग गेली. त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठी बाई, आणि हा तिला 'काय गं' म्हणतो!

त्यानंतर बोलेल तिला अर्धा तास गेटपाशी उभं करायची शिक्षा सुरू झाली. दिवसभर गिळलेलं हेमलता घरी ओकायची. लेकीने, मोनालीने, केलेल्या भाजीत मीठ कमी पडलं म्हणून तिने तिच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं. पोरगी उठून गेली.

दुसऱ्या दिवशी फणीच्या आतल्या बाजूला एक पिवळं केळं तिला दिसलं. स्पष्ट दिसलं. हाक ओठांवर आली. समोर ललित मोबाईल बघत उभा. 'बोलू नका म्हणतोस ना? नाही बोलत, जा,' असं मनात म्हणत तिने फणी पाण्यात सोडली.

तीन आठवड्यांनी परदेशातून तक्रार आली, माल पिकून पोचला होता. खोक्यावर भरणारीचा म्हणून दगडीबाईचा नंबर होता. ललितने तिला सगळ्यांसमोर उभं केलं, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मालक योगराजभाऊही आले होते.

"मले दिसलंच नई, सायेब," म्हातारी पुटपुटली.

"दिसत नाही तर घरी बस. उद्यापासून येऊ नको."

हेमलताने सुरी टेबलावर आपटली. "तिला कशाला? ते केळं मी पाहिलं होतं. मीच सोडलं."

"म्हणजे मुद्दाम?" ललित ओरडला. "भाऊ, ऐकलंत? लेखी घेतो हिच्याकडून." त्याने कागद ओढून भराभर लिहिलं आणि तिच्यापुढे सरकवला. "सही कर."

तिने सावकाश वाचलं. "अर्धंच लिहिलंय. मी बोलले नाही हे आहे. का बोलले नाही, ते कुठाय? लिहा, सुपरवायझरने बोलायला बंदी केली होती. हात वर केला तर हसले. बोलणारीला गेटवर उभं केलं. तेही लिहा, मग सही करते."

"मी असलं काही लिहिणार नाही."

"मग दगडीबाईचं नावही तुम्ही घ्यायचं नाही!"

योगराजभाऊंनी बायांकडे पाहिलं. एकीनेही मान वर केली नाही, पण नाही असंही कुणी म्हटलं नाही. "लिही, ललित," ते म्हणाले.

त्याने लिहिलं. 'हसले' हा शब्द त्याने गाळला होता, तो तिने घालायला लावला. मग सही केली.

"दगडीबाई राहील," कागदाची घडी करत योगराजभाऊ म्हणाले. "पण हेमलता, माल बुडाला तो बुडालाच. तू महिनाभर घरी थांब."

"आणि हे?" तिने ललितकडे बोट केलं.

भाऊंनी कागद खिशात घातला. ललित मोबाईलमध्ये बघू लागला.

हेमलताने एप्रन सोडला. चिकाने काळे पडलेले हात ती नळाखाली घासत राहिली. त्याचा राग होताच, पण त्याहून मोठा राग स्वतःचा होता. त्या माणसावरचा सूड तिने अधू डोळ्यांच्या म्हातारीच्या खोक्यात भरला होता. मागे दगडीबाईने पुढचं खोकं ओढलं आणि एकेक केळं बोटांनी चाचपत भरायला लागली.