सर्वानुमते बंद पडलेला वर्ग

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या चेन्नईच्या मराठी मंडळाच्या चिटणिसांनी मंचावरून सांगितलं की वेलचेरीचा मुलांचा मराठी वर्ग छान चालला होता, पण तो चालवणारी मुलगी नोकरीच्या व्यापात सोडून गेली आणि वर्ग बंद पडला. सभागृहात माना हलल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "आयटीवाल्यांचं असंच." मी पहिल्या रांगेत होतो. माझी मान हलली नाही, पण तोंडही उघडलं नाही.

ती सोडून गेली नाही. वर्ग आम्ही बंद पाडला, मीटिंग घेऊन, ठराव करून, आणि अध्यक्ष मी होतो. माझं वय झालं आहे, त्या वेळच्या कार्यकारिणीतले दोघे आता नाहीत. ही गोष्ट मी सांगितली नाही तर चिटणिसांचं भाषणच खरं म्हणून राहील.

आम्ही तंजावरकडचे. घरात मराठी बोलतो, पण ती ऐकून पुण्याची माणसं हसतात आणि तमिळ माणसं गोंधळतात. माझी लिहायची मराठी सुधारली ती बायकोमुळे, ती साताऱ्याची. वर्ग चालवणारी मुलगीही साताऱ्याकडचीच होती, पेरुंगुडीच्या एका ऑफिसात काम करायची आणि वेलचेरीत आमच्याच कॉलनीत भाड्याने राहायची. रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ती मुलं जमवायची. त्यात आमच्या लोकांची नातवंडं होती, तशी महाराष्ट्रातून नोकरीला आलेल्यांची मुलंही. एकमेकांशी सगळी तमिळमध्येच भांडायची. तिने सुरुवातीला पुस्तक उघडलंच नाही. दुकान मांडलं. डाळ, तांदूळ, खोबरं, साबण. एक मूल दुकानदार, बाकीची गिऱ्हाइकं. तमिळ शब्द आला की दुकानदार "दुकान बंद!" म्हणून ओरडायचा आणि सगळ्यांना रांगेत पुन्हा उभं राहावं लागायचं. मी एकदा खिडकीतून बघत होतो, तर एक मुलगी दुकानदाराशी घासाघीस करत होती, "एवढं महाग? शेजारच्या दुकानात स्वस्त मिळतं!" शेजारी दुकानच नव्हतं. माझ्या घरातल्या नातवंडांकडून मी असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं.

मंडळाने वर्गाला आपलं नाव दिलं होतं, थोडी पुस्तकं दिली होती, आणि तिला कार्यकारिणीत घेऊन वर्गप्रमुख म्हणायला सुरुवात केली होती. वर्ग मंडळाच्या हातात आला, आणि इथूनच घोटाळा सुरू झाला.

आमची मीटिंग कशी चालते ते बाहेरच्याला समजायला वेळ लागतो. मंडळात पदं सगळी आहेत: अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, सल्लागार. पण कोण काय करतं, याचा पदाशी फार संबंध नसतो. खजिनदारांकडे गाडी होती म्हणून सामान आणणं त्यांच्याकडे. चिटणिसांचं अक्षर वाईट म्हणून इतिवृत्त त्यांची सून घरी बसून लिहायची, मीटिंगला न येता. अण्णा सल्लागार होते. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलत बंधू, मंडळातले सर्वांत वडील. त्यांनी काही मांडलं की त्यावर कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. हा आमच्याकडचा रिवाज आहे आणि तो कुठेही लिहिलेला नाही. नाही म्हणायचं असेल तर आदल्या दिवशी अध्यक्षाला फोन करायचा. अध्यक्षाने ते सगळं पोटात ठेवायचं आणि मीटिंगमध्ये गोड शब्दांत विषय पुढच्या वेळेवर ढकलायचा. असा विषय दोन-तीनदा ढकलला की तो आपोआप मरतो. कोणाचा अपमान होत नाही.

मी एन्नोरच्या बाजूला एका कारखान्यात सगळी नोकरी केली. तिथे पाळी बदलताना उभ्या उभ्या मीटिंग व्हायची. कोणाला काय बघायचं ते ठरलेलं, आणि एखादी गोष्ट होणार नसेल तर माणूस सरळ माझ्या तोंडावर म्हणायचा, "होणार नाही सार." मला राग यायचा, पण काम व्हायचं. तोच मी मंडळाच्या खुर्चीत बसलो की वेगळा माणूस व्हायचो. हे मला तेव्हाही दिसत होतं.

तर, अण्णांनी एका मीटिंगसाठी विषय दिला: मुलांचा वर्ग मैलापूरच्या आपल्या सभागृहात आणावा, शनिवारी संध्याकाळी.

आदल्या दिवशी माझा फोन थांबेना. पहिले चिटणीस. "अहो, शनिवारी माझ्या नातवंडांचा पाटाचा, गाण्याचा क्लास असतो. कोण आणणार त्यांना मैलापूरला? पण मी अण्णांना काही बोलणार नाही हं. तुम्हीच काय ते बघा." मग खजिनदार. "वेलचेरीहून शनिवारी संध्याकाळी? ट्रॅफिक बघितलंय का तुम्ही? पण माझं नाव नको." आणखी एक सभासद, तेही तेच. शेवटी ती मुलगी.

"काका, हे जमणारच नाही. माझ्याकडची बहुतेक मुलं शनिवारी डान्सला नाहीतर ट्यूशनला जातात. वर्ग मोडेल."

"बरोबर आहे तुझं."

"मग मी उद्या सांगते सगळ्यांना. नीट समजावून सांगते."

"तू नको बोलू," मी म्हणालो. "अण्णांना वाईट वाटेल. तू नवी आहेस. मी बघतो."

"नक्की बघाल ना काका?"

"अगं, मी अध्यक्ष कशाला आहे?"

तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते सांगायची तयारीही होती. मी तिला गप्प बसवलं आणि तिचं बोलणं मी स्वतःवर घेतलं.

मीटिंगमध्ये संमेलनाच्या फलकाच्या रंगावर बराच वेळ गेला. पिवळा की केशरी. खजिनदार म्हणाले पिवळ्यावर अक्षरं उठून दिसतात. चिटणीस म्हणाले उठून दिसायला आपल्याला काय लॉज उघडायचंय? सगळे हसले. फलकावर सगळ्यांना मत होतं आणि सगळे मोकळेपणी बोलत होते, अण्णांनाही चिडवत होते. मग शेवटचा विषय आला. अण्णा म्हणाले, "वर्ग इथें आणावा म्हणतों मी. सभागृह रिकामें पडतें. पोरें आलीं तर बरें." ते खाली बसले. आत स्वयंपाकघरात कॉफीचे टंबलर वाजत होते.

मी विषय ढकलायला हवा होता. पण फलकावर इतका वेळ गेला होता, मी कंटाळलो होतो, आणि अण्णांनी नेमकं माझ्याकडे बघून म्हटलं, "काय, बरें ना?" माझ्या तोंडून निघालं, "कोणाची हरकत?"

कोणाचीच नव्हती. मला माहीत होतं की सगळ्यांची आहे. त्या खोलीत हे माहीत असलेला मी एकटाच होतो, कारण प्रत्येकाने फोन फक्त मला केला होता. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी कागदांकडे बघत म्हणालो, "सर्वानुमते मंजूर." चिटणीस म्हणाले, "सरी, ठीक आहे, कॉफी घेऊया." आणि उठले.

पुढचं सगळं तिने फोनवर सांगितल्याप्रमाणे झालं. ती दर शनिवारी ऑफिसच्या कामातून सुटून सामानाची पिशवी घेऊन वेलचेरीहून गाडीने मैलापूरला यायची. आधी थोडी मुलं आली, मग त्याहून थोडी. काही आई-वडिलांनी तिला कळवलंही नाही. शेवटी शेवटी चिटणिसांची दोन नातवंडं येत होती, तीही पाटाचा क्लास चुकवून, रडत. दोघांत दुकान कसं चालणार? तिने मला विचारलं, रविवारी वेलचेरीत परत सुरू करू का? मी म्हणालो, ठराव झालाय, तो फिरवायला पुन्हा मीटिंग घ्यावी लागेल, अण्णांना काय वाटेल. थांब जरा. ती थांबली. मग सभागृहाला कुलूप दिसायला लागलं. पुढच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, "तिचा उत्साह कमी पडला." इतिवृत्तात "वर्गप्रमुखांच्या अडचणीमुळे वर्ग स्थगित" असं लिहिलं गेलं. तेही सर्वानुमते. तिने कार्यकारिणी सोडली. मला त्याचं उलट बरं वाटलं, कारण आता मीटिंगमध्ये ती समोर बसणार नव्हती.

हे सगळं मी इतकी वर्षं अण्णांच्या नावावर ठेवून दिलं होतं. मनातल्या मनात म्हणायचो, म्हाताऱ्याच्या हट्टापायी गेलं. चिटणिसांचं ते भाषण ऐकल्यावर मी अण्णांना भेटायला गेलो. ते आता घराबाहेर पडत नाहीत, पण बोलणं स्वच्छ आहे. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही तो वर्ग मैलापूरला आणायचा हट्ट का धरलात?"

"हट्ट?" ते म्हणाले. "मज कुठें हवें होतें? माझी नातवंडें वेलचेरीतच होतीं की. तुम्हां सगळ्यांस सभागृह ओस पडलें म्हणून वाईट वाटत होतें. दर मीटिंगला तेंच बोलत होतां. वाटलें, कोणी मांडत नाही संकोचानें, तर मीच मांडतों. कोणी नको म्हणालें असतें तर सोडलें असतें. कोणी म्हणालें का?"

"नाही."

"मग? तूं तरी म्हणायचें."

मला इतका संताप आला की कॉफी तशीच ठेवून मी उठलो. कोणाचा संताप, ते सांगता येणार नाही. एका खोलीत बसलेल्या शहाण्या, शिकलेल्या, एकमेकांची काळजी करणाऱ्या माणसांनी एक अशी गोष्ट ठरवली होती जी त्यांच्यापैकी एकालाही नको होती. सुचवणाऱ्यालासुद्धा नको होती. आणि आम्ही त्याला आदर म्हणत होतो.

घरी आल्यावर मी त्या मुलीला फोन केला. ती अजून चेन्नईतच आहे, लग्न झालंय, पेरुंगुडीला राहते. मी सगळं सांगितलं, अण्णांचं बोलणंही. माफ कर म्हणालो.

ती म्हणाली, "काका, हे तुम्ही मला फोनवर का सांगताय? मला तर माहीतच होतं. तेव्हाही फोनवरच सांगितलं होतंत."

"मग काय करू?"

"मीटिंगमध्ये सांगा."

मी कार्यकारिणीत नाही आता, पण माजी अध्यक्षाला बसू देतात. नवे अध्यक्ष महाराष्ट्रातून आलेले आहेत, मोटारींच्या कारखान्यात नोकरीला, तरुण, घड्याळाकडे बघून मीटिंग चालवतात. 'इतर विषय' आले तेव्हा मी उठून उभा राहिलो. चिटणीस म्हणाले, "बसून बोला हो, गुडघे." मी उभाच राहिलो आणि सांगितलं: फोन, ठराव, तिला मी गप्प बसवलं ते. आणि शेवटी म्हणालो, संमेलनात जे सांगितलं गेलं ते खरं नाही. तिचं नाव घेऊन, त्याच मंचावरून दुरुस्त करायला हवं.

चिटणिसांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी खोटं बोललो?"

"अर्धवट बोललात. नातवंडांच्या क्लासचा फोन तुम्हीच केला होतात मला."

"अय्यो! तो खासगी फोन होता! खासगीतलं असं चारचौघांत काढतात?"

"खासगीत ठेवलं म्हणूनच वर्ग गेला ना."

"एवढ्या जुन्या गोष्टीवरून मंडळाची अब्रू घालवायची?"

अध्यक्ष मध्ये पडले. "काका, दोघांचंही बरोबर आहे. आपण एक छोटी उपसमिती नेमूया, ती अहवाल देईल. काका, तुम्हीच प्रमुख व्हा."

मला हसावं की रडावं कळेना. "मी होणार नाही," मी म्हणालो. "माझा विरोध आहे. हात वर करून आत्ता ठरवा."

आपल्यात असं करत नाहीत, हात वर केले की गट पडतात, असं दोघं-तिघं म्हणाले. पण अध्यक्षांना पुढच्या कामाला जायचं होतं. हात वर झाले. चिटणिसांचा हात विरोधात, अगदी ताठ. आणखी दोन विरोधात. थोडक्या मतांनी ठराव मंजूर झाला: पुढच्या संमेलनात दुरुस्ती सांगायची. चिटणीस कॉफी न घेता निघून गेले. चाळीस वर्षांचा स्नेह आहे आमचा. त्या दिवसापासून त्यांनी मला फोन केलेला नाही.

मी तिला कळवलं. वाटलं, तिला बरं वाटेल.

"बरं झालं," ती म्हणाली. "पण काका, ती मुलं आता दहावी-बारावीला आहेत. मधे स्टेशनवर भेटली होती एक. माझ्याशी तमिळमध्येच बोलली."

मी म्हणालो, "लहान मुलं आहेत अजून वेलचेरीत. आमच्या कॉलनीत कितीतरी नवी आली आहेत. हॉल रिकामाच असतो रविवारी."

तिच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"येईन मी," ती म्हणाली. "एका अटीवर. या वेळी मीटिंग घ्यायची नाही."

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की पुस्तकं मंडळाच्या कपाटात आहेत, आणि कपाटाची किल्ली चिटणिसांकडे.