कुत्रं वाटेत बसलं तेव्हा

काकांच्या पेटीतल्या चामडी पट्ट्याला अजून तेलाचा वास येतो, आणि मला इंझोरी गावच्या तुरीच्या शेतातली ती सकाळ आठवते. लढाईत सुरुंग हुंगून काढणारं कुत्रं काकांच्या हाताखाली होतं, पट्टा त्याचाच. तेव्हा काका फौजेतून रिटायर होऊन नुकतेच घरी आले होते. आम्ही धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, चाललो होतो. पुढे पळणारं आमचं गावठी कुत्रं अचानक खाली बसलं, तसा काकांनी माझा हात गच्च धरला. “हालू नोको!” कुत्र्यानं निवांत कान खाजवला आणि ते निघून गेलं. काका मात्र तिथंच उभे. “सुरुंग सापडला का माहा फौजेतला कुत्रा असाच बसे,” ते म्हणाले. “त्यानं मले घरी आनलं, मले त्याले आनता नाई आलं.” आता काका नाहीत. पण वाटेत एखादं कुत्रं बसलं की मी थांबते, आणि माझा हात त्यांचा हात शोधतो.