नदीकाठच्या गिरणीतला फ्लॅट

लेक म्हणाली, रविवारी वॉकला जाऊ या, नदीकाठी गिरणीचं एक जुनं गाव आहे, हिस्टॉरिक. मी आपली हुरळले. हे गेल्यावर घर विकून लेकीकडे राहायला आले, तेव्हापासून मला मुद्दाम असं बाहेर कोण नेतंय? सकाळी उठून नारळाच्या वड्या थापल्या.

ऊन रणरणत होतं. कामगारांची लाल विटांची घरं, सगळी एका साच्यातली. पूर्वी इथं कोवळ्या पोरी दिवसभर उभ्यानं सूत काढायच्या, असं पाटीवर लिहिलं होतं. आता त्याच घरांत महागडे साबण विकतात. जावई बंधाऱ्याचे फोटो काढत होता. दोघंही माझ्याशी इतकं गोड बोलत होती, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

गिरणीच्या दारात एक हसरी बाई उभी होती. मला वाटलं, गाइड असेल. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपली खोड. डबा उघडून मी तिच्या हातावर वडी ठेवली. मग तिनं आम्हाला लिफ्टनं वर नेलं आणि एक रिकामा फ्लॅट दाखवला. मोठ्या खिडक्या, खाली नदी, बाथरूममध्ये धरायला दांड्या. गिरणीत आता म्हाताऱ्या माणसांसाठी फ्लॅट काढलेत म्हणे.

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं. ती बाई मात्र लेकीला सांगत होती, आईंना आवडलेलं दिसतंय, मला मिठाईसुद्धा दिली. आणि लेकीचा चेहरा काय खुलला! संताप आला मला. एवढी वर्षं माझ्या हातचं खाऊन, वडी दिली म्हणजे होकार नव्हे, हिला एवढंही कळू नये? दोन्ही नातवंडं मी वाढवली. ती कॉलेजला गेली आणि गरज सरो, वैद्य मरो.

खाली आल्यावर मी स्पष्ट सांगितलं, की मला इथं राहायचं नाही. जावई लगेच गाडी आणायला गेला. त्याला सगळं ठाऊक होतं.

लेक नदीकडे बघत म्हणाली, "आई, आम्ही डिसाइड केलंय. तुझ्या रूमचं ऑफिस करतोय. पुढच्या वीकमध्ये काम सुरू होतंय."

मी म्हटलं, "अगं, पाहुण्यालासुद्धा आधी विचारतात, कधी निघणार म्हणून."

ती रडायला लागली. मी तिचे डोळे पुसले नाहीत.