दूध चालू ठेवून काढलेला नकाशा

बायको गेल्यावर म्हैस माझ्याकडं आली, पण डेअरीतला नंबर तिच्याच नावावर राहिला. सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की पावतीवर तिचं नाव छापून येतं. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण तेवढं नाव लांबूनही वाचतो. डेअरीत नवा प्रोग्राम बसणार आणि त्यात मयत सभासदांची नावं नसणार, हे ऐकलं आणि माझं जेवणावरचं मन उडालं.

ते काम आमच्या सूनबाईकडंच आलं. तिचं माहेर सांगलीचं. पुण्याच्या कंपनीचं काम ती रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात बसून करते. डेअरीचा जुना प्रोग्राम लिहिणारा कुठं गेला ते कुणाला ठाऊक नाही, आणि आत काय आहे याचा चिटोराही नाही. नवा करायच्या आधी जुना कळावा म्हणून तिनं वर्षभर खपून एक हत्यार तयार केलं होतं. चालत्या प्रोग्रामला ते जोडायचं. आत कोण कुणाला हाक मारतं ते बघून ते आपलं आपण चौकटी आणि बाण काढतं.

मी विचारलं, "म्हणजे इंजिन न खोलता आतला नकाशा?"

"व्हय आबा. पण इंजिन चालू पायजे."

मग मला ते बघायचंच होतं. बायकोचं नाव त्या यंत्रात नेमकं राहतं कुठं, हे डोक्यातून जाईना.

संध्याकाळी दुधाची किटली घेऊन मी सूनबाईबरोबर डेअरीत गेलो. सेक्रेटरीनं ऑफिस झाडून, उदबत्ती लावून ठेवलेली. ती लॅपटॉप उघडून बसली आणि तो दारात हात आडवा करून उभा राहिला. "थांबा रं! मॅडम काम करत्यात. काट्यावर कुणी किटली ठेवायची न्हाई." आवाज नको म्हणून पंखासुद्धा बंद केला.

पडद्यावर तीन चौकटी आल्या. बाण एकही नाही. सूनबाई घामाघूम. आपल्या हत्यारातच खोट असेल म्हणून ती तेच तपासत बसली.

बाहेरनं एकजण ओरडला, "आवं, चित्र काढताय का मुहूर्त बघताय? दूध नासतंय!"

मी वाकून म्हणालो, "एवढ्यासाठी वर्षभर खपलीस व्हय?"

तिनं मान वर केली, तवा तिला बाहेरची रांग दिसली. "काका, दूध का थांबवलंय?"

"तुमच्या कामात खोळंबा नको म्हणून."

"आवं, दूध आलं तरच ह्याला काय तरी दिसणार!"

सेक्रेटरीनं डोक्याला हात लावला. रांग खदखदून हसली. "आबाच्या म्हशीला पयला मान द्या रं," म्हणत त्यांनी मला पुढं ढकललं.

मी काट्यावर दूध घातलं आणि पडदा जागा झाला. काट्याच्या चौकटीतनं बाण निघाला, फॅटच्या चौकटीत गेला. तिथनं एक बाण कोपऱ्यातल्या चौकटीत जाऊन परत आला, आणि पावती बाहेर पडली.

"त्यो कोपऱ्यात कशाला गेला?"

"नाव इचारायला. नंबर घेऊन जातोय, नाव घेऊन येतोय."

म्हणजे नाव काट्यात नव्हतं, पावतीच्या यंत्रातही नव्हतं. एकाच जागी होतं, आणि दर वेळी तिथं जाऊन विचारावं लागत होतं. मी निम्मं दूध मुद्दाम किटलीत मागं ठेवलं होतं, ते आता घातलं. बाण परत गेला, परत आला. मागचा बोंबलला, "आबा, थेंबाथेंबानं घालतोस काय रं?" मी म्हणालो, "माझं दूध हाय, कसंबी घालीन."

घरी येताना मी विचारलंच. "नव्या प्रोग्रामात त्या कोपऱ्यात कोण?"

"नंबर ऱ्हाईल आबा. नाव जित्या माणसाचं लागतंय. तुमचं घालू?"

माझं नाव मी कशाला वाचत बसू? ओढा आला, तिथं मी किटली विसळली. मग म्हणालो, "तुझं घाल."

"आवं, म्हस मला जवळ येऊ देत न्हाई!"

"तुझ्या सासूलाबी सुरवातीला देत नव्हती. घाल म्हणलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चरवी घेऊन गोठ्यात आली. म्हशीनं कान टवकारले. मी दावं धरलं. "गप बसू नकोस. बोलत ऱ्हा तिच्याशी."

"काय बोलू?"

"तुझी सासू कालचा सगळा दिवस सांगायची."

मग सूनबाई म्हशीला सेक्रेटरीचं, पंख्याचं, बाणांचं सांगत बसली. म्हशीनं लाथ मारली नाही. दूध मात्र निम्मंच दिलं.